नोंदणी, अनुभव, अंतिम तारीख : नर्सिंग-पॅरामेडिकल भरतीबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत ‘अभ्यास कसा करू’ हा प्रश्न सगळ्यात जास्त आहे. ‘मी मुळात पात्र आहे का’ हे विचारणारी पत्रं थोडी. भरती करणारं खातं मात्र कागदपत्रांच्या टेबलावर हा दुसराच प्रश्न विचारतं, आणि चांगले गुण मिळवलेले उमेदवार तिथे गळतात. त्यामुळे इथे पात्रतेच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न : माझं जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालं आहे. तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात अडीच वर्षं काम करते आहे. एम्सच्या नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरती) परीक्षेला बसता येईल का? – एक वाचक, नांदेड

या अनुभवावर नाही. नॉरसेटसाठी बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतर करायची पदवी) झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही पात्रता मिळाल्यानंतरचा. तीस खाटांच्या दोन रुग्णालयांत काम केलं म्हणून साठ खाटा धरत नाहीत. विद्यार्थी असताना केलेली क्लिनिकल पोस्टिंग आणि इंटर्नशिपही यात मोजली जात नाही.

तुम्ही आजच मोठ्या रुग्णालयात गेलात, तर दोन वर्षांचं मीटर नव्याने सुरू होईल. एम्सची वयोमर्यादा १८ ते ३० आहे (ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत), तेव्हा वय मोजूनच निर्णय घ्या. वय सत्ताविशीच्या पुढे असेल, तर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स आणि दोन वर्षांचा अनुभव हे दोन्ही मार्ग ऐन काठावर पोहोचवतात. अनुभवाच्या मार्गात निदान पगार सुरू राहतो.

मोठ्या रुग्णालयात रुजू झाल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र कसं लिहून घ्यायचं तेही सांगतो, कारण अर्ज बाद होण्याचं हे नेहमीचं ठिकाण आहे. लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख हवी. पदाचं नाव ‘स्टाफ नर्स’ किंवा ‘नर्सिंग ऑफिसर’ असंच हवं. ‘वॉर्ड इनचार्ज असिस्टंट’ यासारखी घरगुती नावं नकोत. रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा पूर्ण दिनांक, काम पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि खाटांची संख्या हवी. सही वैद्यकीय अधीक्षकांची किंवा संचालकांची. एचआरमधल्या सहायकाची सही पुढे अडचण करते. अजून तिथेच काम करत असाल, तर ‘आजतागायत कार्यरत’ असं लिहिलेलं आणि अर्जाच्या अंतिम तारखेच्या आसपासचं प्रमाणपत्र लागतं. दोन वर्षं अंतिम तारखेला पूर्ण झालेली असली पाहिजेत. परीक्षेच्या दिवशी पूर्ण होऊन उपयोग नाही.

खाटांच्या संख्येवर शंका घेतली जाते, म्हणून रुग्णालयाच्या नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा. त्यावर मंजूर खाटा लिहिलेल्या असतात. प्रत्यक्षात साठ खाटा असतील आणि नोंदणी पंचेचाळीसची असेल, तर पंचेचाळीसच धरतील. शिवाय नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं खातं आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी हे पुरावे. यातला शेवटचा सगळ्यात वजनदार, कारण तो मागाहून तयार करता येत नाही. पगार रोखीने घेणाऱ्या सिस्टर-ब्रदर मंडळींनी याचा विचार आजच करावा.

तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. रेल्वे भरती मंडळाच्या पॅरामेडिकल भरतीत जीएनएमला अनुभव मागत नाहीत. २०२४ च्या जाहिरातीत १,३७६ जागा होत्या, त्यांपैकी ७१३ नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या. वेतनस्तर ७, म्हणजे मूळ पगार ४४,९०० रुपयांपासून. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचाही हाच स्तर आहे.

प्रश्न : नॉरसेटमध्ये ब्रदरना खरंच फक्त वीस टक्के जागा असतात? आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात का? – बी.एस्सी. नर्सिंगचा विद्यार्थी, सांगली

हो, एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत. त्यामुळे पुरुष उमेदवारांचा कटऑफ चढा असतो, हे धरूनच तयारी करा. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पूर्व ही फक्त चाळणी आहे, गुणवत्ता यादी मुख्य परीक्षेवर लागते. पर्यायांपैकी दोन खात्रीने खोडता आले तर उत्तर द्यावं. चारही सारखेच वाटत असतील तर पुढे जावं. ब्रदरनी रेल्वेचा अर्ज चुकवू नये. तिथे १०० पैकी ७० प्रश्न विषयाचेच असतात, बाकी सामान्य ज्ञान, गणित-बुद्धिमत्ता आणि सामान्य विज्ञान यांना दहा-दहा.

प्रश्न : राज्य शासनाच्या जाहिराती कुठल्या खात्याकडून निघतात ते समजत नाही. अधिपरिचारिका, आरोग्य सेविका, परिसेविका... यातलं माझ्यासाठी काय? – एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) झालेल्या वाचक, यवतमाळ. जीएनएम झालेल्या वाचक, धाराशिव

दारं वेगवेगळी आहेत आणि एका दारातली माहिती दुसऱ्याला नसते.

सार्वजनिक आरोग्य विभाग जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं चालवतो. वैद्यकीय शिक्षण खात्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांना जोडलेली रुग्णालयं. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं. महानगरपालिका आपापली भरती स्वतंत्रपणे काढतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं बहुधा जिल्हा पातळीवर निघतात. २०२३ साली सार्वजनिक आरोग्य विभागाने गट क आणि ड मिळून १०,९४९ पदांची, तर जिल्हा परिषदांनी सर्व खात्यांची मिळून १९,४६० पदांची जाहिरात दिली होती. अशी मोठी भरती दरवर्षी येत नाही, पण आली की अर्जाला तीनेक आठवडेच मिळतात. कागदपत्रं आधीच तयार ठेवायला म्हणतात ते यासाठी.

आता पदं. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स : जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. वेतन एस-१३, मूळ ३५,४०० पासून. परिसेविका म्हणजे वॉर्डची सिस्टर इनचार्ज, त्यावर अधिसेविका म्हणजे मेट्रन. या जागा मुख्यतः बढतीच्या असतात. बालरुग्ण परिचारिका आणि मनोरुग्ण परिचारिका या पदांना त्या-त्या विषयातला पोस्ट बेसिक डिप्लोमा लागतो. अर्जदार कमी असल्याने इथे स्पर्धा त्या मानाने सौम्य. पाठ्यनिर्देशिका हे शिकवण्याचं पद आहे. एएनएमसाठी जिल्हा परिषदेतलं आरोग्य सेविकेचं पद, वेतन एस-८, मूळ २५,५०० पासून. एएनएमवर अधिपरिचारिकेचा अर्ज भरू नका. ऑनलाइन अर्ज स्वीकारला जातो, शुल्कही जातं, आणि छाननीत नाव बाद होतं.

या भरतीत परीक्षा बहुधा १०० प्रश्न आणि २०० गुणांची असते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी यांना मिळून ६० आणि तांत्रिक विषयाला ४० प्रश्न अशी वाटणी असते. नर्सिंगचे विद्यार्थी चाळिसाचाच अभ्यास करतात आणि साठात मार खातात. मराठी व्याकरण आणि गणित यांना रोज एक तास दिला, तर त्याचा परतावा मेडिकल-सर्जिकलचं पुस्तक तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा जास्त आहे. पेपर अनेक पाळ्यांत होतो आणि पाळीच्या काठिण्यानुसार गुण सममूल्यित करतात. म्हणून उत्तरतालिकेवरून काढलेले गुण आणि निकालातले गुण जुळत नाहीत. त्यात घोळ झाला असं समजायचं कारण नाही.

प्रश्न : गेल्या भरतीत निवड यादीत नाव होतं, कागदपत्र तपासणीत अपात्र ठरवलं. नेमकी काय काय कागदं पाहतात? – एक वाचक, जळगाव

कुठल्या मुद्द्यावर अपात्र ठरवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नेहमी अडणारे मुद्दे देतो.

पहिला नोंदणीचा. परिचर्या परिषदेचं मूळ प्रमाणपत्र असतं, पण नूतनीकरण संपलेलं असतं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या नर्सिंग कार्यशाळांचे क्रेडिट लागतात. मुदत संपायच्या महिन्यात कार्यशाळा शोधत हिंडावं लागू नये. नोंदणीचा अर्ज केल्याची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. अंतिम तारखेला हातात क्रमांक हवा.

दुसरा जातीच्या कागदांचा. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागासवर्गीयांना उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचं, म्हणजे नॉन क्रीमी लेअरचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची वैधता जाहिरातीत सांगितलेल्या दिनांकाला चालू असावी लागते. ते नंतर काढून आणलेलं चालत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र लागत असे. ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट काढली. काही सायबर कॅफेवाले अजूनही ते मागतात. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र आर्थिक वर्षाशी बांधलेलं असतं, मार्च उलटला की नवं काढायचं.

इथेच केंद्राची गोष्ट वेगळी. एम्स आणि रेल्वेला ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही. राज्यात विजा, भज किंवा विमाप्र (विमुक्त, भटक्या किंवा विशेष मागास) असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत; आपली जात त्या यादीत पाहून मगच प्रवर्ग निवडा. राज्याचं एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण केंद्राच्या भरतीत नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल, तर तिथे ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येतो.

तिसरा नावाचा. दहावीला माहेरचं नाव, नोंदणीवर सासरचं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जवळ हवी. दोन्ही नसतील, तर अर्ज दहावीच्या नावानेच भरा आणि राजपत्राची प्रक्रिया लगेच सुरू करा.

बाकी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र (२८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र), अधिवास आणि प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाची दुसरी गुणपत्रिका लोक घरी विसरतात. संगणक प्रमाणपत्र नंतर देता येतं, पण त्याची मुदत नेमणूक आदेशात लिहिलेली असते. ती चुकवू नका.

प्रश्न : बारावीनंतर एका खासगी संस्थेतून एक वर्षाचा डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) केला. प्रमाणपत्रावर ‘ऑटोनॉमस बॉडी, आयएसओ सर्टिफाइड’ असं लिहिलं आहे. शासकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदाला चालेल का? – एक वाचक, बीड

नाही चालणार. कटू आहे, पण आत्ता कळलेलं बरं. आयएसओ हे संस्थेच्या कार्यपद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्याचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काही संबंध नाही. सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून झालेली नोंदणी, ‘भारत सरकार नोंदणीकृत’ हे शब्द, परदेशी वाटणाऱ्या कौन्सिलचा शिक्का, हे सगळं त्याच जातीचं.

मान्यता तपासायची ती अशी. प्रमाणपत्र देणारी संस्था कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ आहे का? उदाहरणार्थ नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जिथे बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा कोर्स आहे. विद्यापीठ नसेल तर राज्य शासनाचं मंडळ आहे का? तेही नसेल, तर थांबा. पुढची पायरी : शेवटच्या दोन-तीन शासकीय जाहिराती काढा आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचा. अनेक ठिकाणी विज्ञान शाखेची पदवी आणि त्यावर डीएमएलटी असं दुहेरी मागतात, तिथे बारावीनंतरचा मान्य डीएमएलटीसुद्धा पुरत नाही. महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी मागितली असेल, तर ती परिषद तुमच्या संस्थेला ओळखते का, हे फी भरायच्या आधी विचारायला हवं होतं. पुढच्यांनी तरी विचारावं.

यात २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आणखी एक पट्टी आणली आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या या कायद्यात ५६ व्यवसाय येतात. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण लागतं, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांतलं. सहा महिन्यांचे आणि वर्षाचे कोर्स या व्याख्येत बसत नाहीत. जाहिरात करणाऱ्या संस्था हे सांगत नाहीत.

तुमच्यासाठी व्यवहार्य वाट : खासगी लॅबमधलं काम सोडू नका, आणि बारावी विज्ञान असेल तर मान्य पदवीला प्रवेश घ्या. हातातल्या कौशल्यामुळे अभ्यास सोपा जाईल. आणखी एखादा झटपट डिप्लोमा मात्र जोडू नका.

प्रश्न : एक्स-रे टेक्निशियनची नोकरी मिळते आहे, डोसिमीटर बॅज (अंगावर पडणारा किरणोत्सर्ग मोजणारा) मात्र ‘नंतर देऊ’ म्हणतात. रुजू होऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

बॅज हातात आल्यावर. एक्स-रे, सीटी आणि कॅथलॅबची यंत्रणा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली चालते, आणि त्यावर काम करणाऱ्यांचं किरणोत्सर्ग मापन ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. बॅज स्वतःच्या नावाचा असला पाहिजे. आधीच्या माणसाचा लावला तर मात्रा त्याच्या नावावर चढते. बॅज नसलेली जागा म्हणजे बहुधा परवान्याचंही काहीतरी अडलेलं असतं. मुलाखतीतच परवाना आणि शिसं असलेल्या ॲप्रनची तपासणी केव्हा झाली ते विचारा. विचारल्याने नोकरी हुकत असेल, तर हुकू द्या.

प्रश्न : समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कंत्राटी निवड झाली आहे. खासगी रुग्णालयातली कायम नोकरी सोडावी का? – बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या वाचक, गडचिरोली

उपकेंद्रावरच्या या पदाला दरमहा २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीवर जास्तीत जास्त १५,००० रुपये अशी रचना आहे. चाळीस हजार गृहीत धरून घरखर्च आखू नका. कामगिरीचा भाग निर्देशकांवर ठरतो : बाह्यरुग्ण संख्या, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, गरोदर मातांची नोंद, पोर्टलवर वेळेत भरलेली माहिती. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसे कापले जातात, कारण नेटवर्क नसतं आणि नोंद राहून जाते. वहीत रोजचा आकडा लिहून आठवड्यातून दोनदा रेंजमध्ये जाऊन भरणाऱ्यांचं नुकसान कमी होतं.

आमचं मत : पुढे सार्वजनिक आरोग्यात राहायचं असेल तर घ्या. एम.एस्सी., परदेश किंवा क्रिटिकल केअर डोक्यात असेल, तर आयसीयूची जागा सोडू नका. उपकेंद्रावरचा अनुभव त्या दारात फारसा चालत नाही. निर्णय घेताना जुन्या रुग्णालयाचं ‘कायम’ किती कायम आहे, तेही तपासा. नेमणूक पत्रात एका महिन्याच्या नोटिशीवर काढता येईल असं लिहिलं असेल, तर तो शब्द नावापुरताच.

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंग पूर्ण झालं. कॉलेजमध्ये शिकवायला थेट असिस्टंट प्रोफेसर होता येतं का? एका संस्थेने ‘रोज यायची गरज नाही, फक्त मूळ कागदपत्रं जमा करा’ असं सांगितलं आहे. – एक वाचक, पुणे

थेट नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत असिस्टंट प्रोफेसरला एम.एस्सी.सह तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो, असोसिएट प्रोफेसरला आठ वर्षांचा अनुभव आणि त्यात पाच वर्षं शिकवलेली. सुरुवात ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून होते. या पदाला बी.एस्सी. आणि एक वर्षाचा अनुभव असलेलेही चालतात, एम.एस्सी. असणाऱ्यांना प्राधान्य.

जागा कुठे निघतील याचा अंदाज गणिताने करता येतो. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१० आहे. ६० प्रवेशांच्या चार वर्षांच्या कॉलेजात २४० विद्यार्थी, म्हणजे प्राचार्यांसह साधारण २४ शिक्षक. नवं कॉलेज दरवर्षी एक तुकडी वाढवतं, त्यामुळे पहिली चार वर्षं तिथे दर वर्षी भरती होते. तपासणीच्या आधीच्या महिन्यांत जाहिराती वाढतात, आणि त्याच वेळी पगाराबद्दल बोलायला तुमची बाजू मजबूत असते. तुमची स्पेशालिटीही पाहा. मेडिकल-सर्जिकलचे उमेदवार भरपूर असतात. मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या विषयांत ते कमी पडतात.

आता त्या दुसऱ्या प्रस्तावाबद्दल. याला कागदावरचा शिक्षक म्हणतात. तपासणीच्या दिवशी हजर राहायचं, बाकी वर्षभर नाव वापरू द्यायचं. धोका असा, की तुमचं नाव, नोंदणी क्रमांक आणि फोटो शिक्षकांच्या यादीत चढतो. त्याच काळात तुम्ही दुसरीकडे खरी नोकरी करत असाल, तर एकच नोंदणी दोन संस्थांत दिसते आणि कारवाई तुमच्या नोंदणीवर येते. शिवाय त्या ‘अनुभवा’ची वर्षं पुढे मोजायची वेळ आली की पगाराची बँक नोंद, भविष्यनिर्वाह निधी आणि हजेरीपट मागतात, तेव्हा हातात काही नसतं. मूळ कागदपत्रं जमा करणं हा तर वेगळाच फास, त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

मुलाखतीत बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांचा पाठ घ्यायला लावतात. स्लाइड वाचून दाखवणारे तिथेच मागे पडतात. एक छोटा विषय घ्या, उदाहरणार्थ रक्तसंक्रमणाची प्रतिक्रिया, आणि क्रम फळ्यावर मांडा : रक्त थांबवणं, नवा सेट लावून सलाईनने शीर चालू ठेवणं, रुग्णाची तपासणी आणि डॉक्टरांना कळवणं, पिशवी-लेबल-रुग्ण यांची ओळख पुन्हा जुळवणं, पिशवी आणि नमुने रक्तपेढीकडे पाठवणं. पाठ नियोजन कागदावर लिहून न्या. ते मागतातच.

प्रश्न : रुग्णालयाने रुजू होताना नोंदणी आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, दोन वर्षांचा बॉण्डही लिहून घेतला. आता सोडायचं तर एक लाख मागतात. पगार १३,००० आहे. – एक ब्रदर, नाशिक

मूळ प्रमाणपत्रं तुमची आहेत. ती अडवून ठेवायचा अधिकार मालकाला नाही. पायऱ्या अशा : राजीनामा नोटीस कालावधीसह लेखी द्या आणि पोच घ्या, पोच देत नसतील तर नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पाठवा. त्याच पत्रात ठेवून घेतलेल्या प्रत्येक कागदाचं नाव आणि क्रमांक लिहून सात दिवसांत परत मागा. मिळाले नाहीत तर वकिलाची नोटीस आणि पोलिसांत लेखी तक्रार. एक प्रत परिचर्या परिषदेला आणि एक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला. प्रकरण बहुधा नोटिशीपाशीच मिटतं. बॉण्डची रक्कम सरसकट वसूल होत नाही. तुमच्यावर प्रशिक्षणाचा खरोखर किती खर्च केला, हे त्यांना दाखवावं लागतं. न सांगता ड्यूटी सोडून जाऊ नका. तेवढा एकच मुद्दा मग त्यांच्या बाजूचा होतो.

पगाराबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनाची शिफारस केली. २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या बरोबरीने. १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० पेक्षा कमी नाही. ही शिफारस आहे, ती लागू करणं राज्यांवर सोडलेलं आहे, त्यामुळे मालकाला थेट कायदा म्हणून दाखवता येत नाही. पण बोलणी करताना हा आकडा ठाऊक असावा. १३,००० वर भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा दोन्ही लागू होतात. कापत नसतील तर तक्रारीला जोडायला तोही मुद्दा आहे.

प्रश्न : कॉर्पोरेट रुग्णालयाच्या आयसीयू मुलाखतीत लेखी चाचणीत गणितं विचारतात. नेमकी कशी? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दोनच प्रकार पक्के करा. पहिला थेंबांचा : ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २०.८, मिनिटाला २१ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, तिथे तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब, इथे सुमारे ६२.

दुसरा पंपाचा : ५० मिलीमध्ये ४ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनालिन (रक्तदाब वाढवणारं औषध), रुग्ण ६० किलो, मात्रा किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलीत ८०. रुग्णाला मिनिटाला ६, तासाला ३६०. ३६० भागिले ८०, उत्तर तासाला ४.५ मिली. चूक होते ती दोन जागी : मिनिटाचं तासात करताना ६० ने गुणायचं राहतं, किंवा मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम होत नाही. ॲम्प्यूलवर बायटार्ट्रेट आणि बेस असे दोन आकडे असतात (२ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस). गणित सोडवताना ‘तुमच्या प्रोटोकॉलमध्ये कुठला धरता’ असं विचारलंत, तर समोरचा परीक्षक सरळ होऊन बसतो.

तोंडी प्रश्नांत जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग हमखास : रक्ताळलेला गॉज पिवळ्यात, आयव्ही सेट लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेची ॲम्प्यूल निळ्यात. सीपीआरचं प्रमाण ३०:२, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, वेग मिनिटाला १०० ते १२०. आणि पोटॅशियम क्लोराइड शिरेतून थेट कधीच ढकलायचं नाही. हा प्रश्न वेगवेगळ्या वेषात येतो.

प्रश्न : कर्नाटकातून बी.एस्सी. नर्सिंग केलं. महाराष्ट्रात नोकरीसाठी परत परीक्षा द्यावी लागेल का? – एक वाचक, सोलापूर

परीक्षा नाही. आधी कर्नाटकच्या परिषदेत नोंदणी, मग तिथून ना-हरकत आणि पडताळणी, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत अर्ज. पडताळणीचा कागद एका परिषदेकडून दुसरीकडे जायला वेळ लागतो, म्हणून भरतीची वाट न पाहता निकाल लागताच सुरुवात करा. केंद्राच्या भरतीला कुठल्याही राज्याची नोंदणी चालते.

प्रश्न : आखाती देशात नर्सची नोकरी लावतो म्हणून एजंट तीन लाख मागतो आहे. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ असंही म्हणतो. – एक वाचक, रायगड

पैसे देऊ नका. नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. एजंटचा परवाना क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. व्हिजिट व्हिसावर नेणारा माणूस पोर्टल टाळतो आहे, एवढं समजलं तरी पुरे. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

खऱ्या प्रक्रियेत आखाती देशांसाठी तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव यांची डेटाफ्लो या कंपनीकडून पडताळणी होते, मग संगणकावरची परवाना परीक्षा. डेटाफ्लोवाले थेट रुग्णालयाला विचारतात. तिथल्या एचआरने उत्तर दिलं नाही तर अहवाल अडकतो, म्हणून नोकरी सोडताना त्या कार्यालयाचा चालू ईमेल लिहून घ्या. ब्रिटनसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण, शिवाय सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि तिथे गेल्यावर ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा). अलीकडे तिथली परदेशी भरती बरीच आटली आहे. तिथल्या नियमांनुसार नोकरी लावण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. जर्मनीत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायला बहुतेक प्रांतांत बी-२ पातळीचं जर्मन लागतं. भाषेला दीड वर्ष द्यायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

प्रश्न : रेल्वेच्या परीक्षेचं शुल्क परत मिळतं म्हणतात, मला मिळालं नाही. – एक वाचक, अकोला

परत मिळतं, पण संगणक परीक्षेला हजर राहिल्यावर. ५०० रुपये भरणाऱ्यांना ४०० आणि २५० भरणाऱ्यांना (महिला, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक इत्यादी) पूर्ण, बँकेचे आकार वजा करून. अर्जात लिहिलेल्या खात्यातच ते जमा होतं. सायबर कॅफेत अर्ज भरताना कॅफेवाल्याचं खातं टाकलं गेलं का, हे आधी पाहा; खात्याचा क्रमांक किंवा आयएफएससी चुकला असेल, तर दुरुस्तीची खिडकी उघडते तेव्हाच तो बदलता येतो.